एकसारख्या छत्तीस बरण्या

द्वारकाबाईंच्या स्वयंपाकघरात मीठ कधी मिठाच्या डब्यात नव्हतं. ते तुपाच्या चौकोनी बरणीत होतं, जिचा एक कोपरा चेपलेला. साखर श्रीखंडाच्या कडीवाल्या बादलीत. चहापत्ती बिस्किटांच्या उभट पत्र्याच्या डब्यात, ज्याचं झाकण उघडताना म्हातारीच्या गुडघ्यासारखं कुरकुरायचं. हळद दंतमंजनाच्या डबीत, आणि त्यापायी कनेरगाव नाक्याचे एक पाहुणे एकदा पिवळे दात घेऊन चहाला बसले होते. तिखटाचा डबा स्वप्निल तान्हा असतानाच्या दूधपावडरीचा. आता स्वप्निलच्या डोक्यावरचे केस विरळ झाले, डब्याची कड मात्र शाबूत होती. असे एकूण एकसष्ट डबे, काही जिन्नसांचे दोन-दोन, फळीवर, फळीखाली, खिडकीत आणि माळ्यावर नांदत होते, आणि एकही जिन्नस आपल्या नावाच्या घरात राहत नव्हता.

हे सगळं कशासाठी, असं सेनगावातल्या कुणी विचारलं असतं तर "टाकून द्यायला जीव होत न्हाई" एवढंच द्वारकाबाईंनी सांगितलं असतं. ते खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की होळीपासून त्यांना दिसत नव्हतं. डावा डोळा पार विझला होता. उजव्यात पहाटेच्या धुक्यातून बैलगाडी जावी तशी माणसं येत जात. पण हाताला चेपका कोपरा लागला की मीठ. कडी वाजली की साखर. कुरकुरलं की चहा. डोळ्यांनी साथ सोडली तशी बोटांनी घर सांभाळलं होतं, आणि भाजीत मीठ कमी पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

ही गोष्ट जगात एका माणसाला ठाऊक होती, ती म्हणजे शेजारची नजमा. तिनंच त्यांना हिंगोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. घरी सांगितलं, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाते. दर्शनाला सोबत नजमा कशी, हा प्रश्न सोमेश्वररावांना पडला नाही, कारण ते पेपर वाचत होते. येताना नजमानंच आठवणीनं स्टँडवरून पेढे घेतले आणि द्वारकाबाईंच्या कपाळाला भस्म लावलं. डॉक्टर म्हणाले होते, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली टिकेल, टिकली तर. थेंबांची बाटली नजमाच्या घरी राहिली. द्वारकाबाई सकाळ-संध्याकाळ कढीपत्ता आणायला नजमाकडे जात आणि डोळ्यांत थेंब टाकून येत. घरात दोन माणसं आणि दिवसाला दोन जुड्या कढीपत्ता, हेही सोमेश्वररावांना कधी खटकलं नाही.

लपवायचं कारण साधं होतं. दिवाळीत द्वारकाबाईंनी चहा कपाच्या बाहेर ओतला तेव्हाच स्वप्निल म्हणाला होता, "आई, डोळ्यानं कमी दिसत असेल तर सांग. घर बंद करून दोघं पुण्याला या. वैष्णवी म्हणते, मग गॅसजवळ जायचंच नाही." सून बोलली ती काळजीनंच, त्यात वाईट काही नव्हतं. पण द्वारकाबाई पुण्याला दोन महिने राहून आल्या होत्या. अकराव्या मजल्यावर त्यांच्या हातात टीव्हीचा रिमोट दिला होता, आणि त्या तो हातात धरून दोन महिने पाहुण्या होऊन बसल्या होत्या. पुन्हा तसं बसण्यापेक्षा त्यांना आपल्या अंधारातली आपली चूल बरी वाटत होती.

अशा वेळी सोमेश्वररावांना पर्यावरणाची आठवण झाली.

सोमेश्वरराव मोजणी खात्यातून निवृत्त. तेहेतीस वर्षं त्यांनी लोकांचे बांध मोजले. ते बांधावर उभे राहिले की दोन भाऊ श्वास धरून उभे राहत. निवृत्तीनंतर त्यांच्यासाठी श्वास धरणारं कुणी उरलं नव्हतं. हा आजार कोणत्याही डॉक्टरच्या पाटीवर लिहिलेला नसतो. मग एक दिवस मोबाइलवर संदेश आला. हिंगोलीच्या हरितसखी प्रतिष्ठानची स्पर्धा, 'घरातलं वेष्टन, घरातच जतन'. रिकामे डबे, बरण्या, बाटल्या यांचा पुनर्वापर करणाऱ्या पर्यावरणस्नेही स्वयंपाकघराला सन्मानपत्र आणि एक कुंडी.

"अगं, आपलं घर तर यातच बसतं," ते म्हणाले, आणि लोखंडी टेप काढून स्वयंपाकघरात शिरले. चाळीस वर्षांत ते तिथं पाणी प्यायलासुद्धा शिरले नव्हते.

दोन दिवस मोजणी चालली. फळ्यांचा नकाशा झाला, डब्यांना नंबर पडले, पूर्वेस खिडकी, पश्चिमेस मोरी अशी चतुःसीमा झाली. तिसऱ्या दिवशी ते गंभीर चेहऱ्यानं बाहेर आले.

"द्वारके, परिस्थिती फार बिकट आहे. डब्यावर नाव एकाचं आणि आत कब्जा दुसऱ्याचा. एकसष्टपैकी एकसष्ट अतिक्रमणं."

"असू द्या की. भांडून राहिलेत का ते?"

"उद्या कमिटी आली, दंतमंजन उघडलं आणि हळद निघाली तर मी काय उत्तर देऊ?"

"खाऊन बघा म्हणावं."

पण ज्या माणसानं तालुक्यातलं एकही अतिक्रमण सोडलं नाही तो स्वतःच्या घरातलं कसं सोडील. शेजारचे ग्यानबा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, सल्ला द्यायला आलेच. गाडी गेली तरी हॉर्न राहिला होता, तसा त्यांचा आवाज. "साहेब, सगळं एका मापाचं पायजे. आमच्या डेपोत ऑइलच्या सगळ्या बाटल्या एका मापाच्या. बघणारा माणूस गार व्हतो." सोमेश्वररावांना ते पटलं. नजमाचा मुलगा रिझवान किराणा चालवायचा. त्याच्या दुकानात गोळ्या-चॉकलेटच्या रिकाम्या बरण्यांचा ढीग पडलेला. त्यातून एका उंचीच्या, एका घेराच्या, एका झाकणाच्या छत्तीस बरण्या निवडून आल्या. पुनर्वापरच तो, नियमाला धरून. झाकणांना हिरवा ऑइलपेंट लागला. भरलेल्या प्रत्येकीवर सोमेश्वररावांच्या नकाशी अक्षरातली चिठ्ठी. अक्षर इतकं देखणं की सातबारा वाचतोय असं वाटावं.

"मला जुनेच बरे व्हते," द्वारकाबाई म्हणाल्या.

"काहून?"

याचं उत्तर त्यांच्यापाशी होतं, पण द्यायचं नव्हतं. "हाताला सवय हाय."

"सवय काय, लागते. तुला वाचता येतं. सातवी पास आहेस, मला तुझ्या वडिलांनी दाखला दाखवला होता."

एकसष्ट जुने डबे त्याच दुपारी गोणीत भरून भंगाराच्या टेम्पोत गेले. पर्यावरणाच्या नावानं चाळीस वर्षांचा पुनर्वापर बंद पडला. द्वारकाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. टेम्पो वळला तेव्हा पत्रा पत्र्यावर आपटला, आणि त्या आवाजात त्यांना बिस्किटाचा डबा ओळखू आला.

पहिल्या दिवशी चहा खारट झाला. दुसऱ्या दिवशी खिचडीत जिऱ्याऐवजी बडीशेप पडली. तिसऱ्या दिवशी भाताच्या आधणात तांदळाऐवजी पोहे पडले आणि पातेल्यात खळ झाली. छत्तीस एकसारख्या गळ्यांवरून हात फिरवताना द्वारकाबाईंना वाटे, आपण सासरी नव्यानं आलोय आणि सगळ्या जावांनी एकच लुगडं नेसलंय. वासानं ओळखावं तर ऑइलपेंटचा दर्प नाकात बसलेला. त्यात फोडणीसुद्धा पेंटची लागे.

सोमेश्वररावांनी खारट चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि त्यांना सगळं कळलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं. हा असहकार होता.

"हिचा सत्याग्रह चाललाय," ते बाहेरच्या ओट्यावर बसून ग्यानबांना सांगू लागले. "बोलून विरोध करत नाही. मिठानं करते."

"बाईमाणूस हट्टाला पेटलं म्हंजी साहेब, रिव्हर्स गेअर नसतो."

द्वारकाबाई आतून ऐकत होत्या. त्यांना फार लागलं. चाळीस वर्षांत ज्यांनी रागातसुद्धा ताटात वाईट वाढलं नाही, त्यांच्या हातावर हा आळ. एक शब्द बोलल्या असत्या तर आळ उतरला असता, पण त्या शब्दाबरोबर स्वयंपाकघरही गेलं असतं. म्हणून त्यांनी हट्टी बाई होणं पत्करलं. दुसऱ्या दिवशी आमटी चुकून बरी झाली तर त्यांनी मुद्दाम ताट आदळलं, संशय नको म्हणून.

नजमाकडे कढीपत्ता आणायला गेल्या तेव्हा मात्र खाटेवर बसून राहिल्या.

"अक्का, रडू नका, थेंब वाहून जातील," नजमा म्हणाली. "मी धागे बांधून देते. मिठाला एक गाठ, साखरंला दोन. बराबर कळंल."

धागे बांधले. ते दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी सोमेश्वररावांनी फोटो काढण्याआधी कात्रीनं सगळे कापून टाकले, बरण्यांच्या गळ्यात चिंध्या दिसतात म्हणून. मग द्वारकाबाईंनी आपल्या आईची रीत धरली. जात्यावर आई माणसांची नावं ओवीत गुंफायची, म्हणजे सासरचं कुणी विसरायला नको. द्वारकाबाईंनी बरण्या गुंफल्या.

मीठ माझं थोरलं, उभं डाव्या कोपऱ्याला,
साखर सून नवी, बसे त्याच्या शेजाराला.
तिसरी गं चहापत्ती, काळी सावळी नणंद,
तिच्या कुशीत जिऱ्याचा मंद मंद येतो गंध.

अशा अठरा ओव्या झाल्या. हात मोजत जाई, ओठ पुटपुटत जात, आणि स्वयंपाक पुन्हा रुळावर आला. चार दिवस घरात सुखाचा वास होता. सोमेश्वररावांनी ग्यानबांना सांगितलं की सत्याग्रह मोडला, बाई गाऊन राहिली. नजमा म्हणाली, "अक्का, तुमी तं कमाल केली." द्वारकाबाई तेवढ्या चार दिवसांत दोन वर्षांनी लहान दिसू लागल्या.

मग प्रतिष्ठानचा फॉर्म आला. तो सात पानांचा होता. पान तीनवर प्रत्येक बरणीचं 'पूर्वीचं वेष्टन, पूर्वीचा उत्पादक, मोकळी झाल्याची तारीख' असे रकाने होते, आणि गोळ्यांच्या बरणीची मोकळी झाल्याची तारीख विचारायला सोमेश्वरराव रिझवानच्या दुकानात तीन खेटे मारून आले. रिझवान म्हणाला, "काका, पोरं खातात, तारीख कोण लिहितं?" पान पाचवर छत्तीस ओळी होत्या. घरातले जिन्नस तेहेतीस भरले. तीन ओळी रिकाम्या राहत होत्या.

मोजणी खात्यात रकाना रिकामा ठेवणं म्हणजे स्वतःहून चौकशी ओढवून घेणं. सोमेश्वररावांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी ग्यानबांनी तोडगा काढला. "साहेब, सोडा भरा, तुरटी भरा, उंदराचं औषध भरा. घरातलंच हाय ना सगळं?" तशा तीन बरण्या भरल्या गेल्या. उंदराचं औषध म्हणजे काळी पूड, लांबून चहापत्तीच्या अंगानं जाणारी. चिठ्ठीवर मात्र अक्षर सुरेख होतं. आणि ग्यानबांनी आणखी एक सुचवलं. "रंगानं लावा. पांढरं, पिवळं, लाल, काळं. फोटोत इंद्रधनुष्य दिसंल."

कमिटी यायच्या सकाळी द्वारकाबाई थेंब टाकून परतल्या तर घरात बरण्यांचे आवाज चालले होते.

"काय करून राहिले?"

"रंगसंगती. आणि तीन नवीन आल्यात. सोडा, तुरटी, उंदराचं औषध. घाबरू नको, चिठ्ठ्या लावल्यात."

द्वारकाबाईंनी चौकट धरली. "औषध कुठं ठेवलं?"

"रंगाप्रमाणं. काळ्यात." इतक्यात बाहेर गाडी थांबली आणि सोमेश्वरराव सदरा नीट करत धावले.

कमिटी म्हणजे अलमास मॅडम, हिंगोलीच्या, हातात पॅड, आणि एक फोटोवाला. मॅडम चांगल्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी फळीकडे पाहून "वा, क्या बात है" म्हटलं, आणि सोमेश्वररावांसाठी श्वास धरणारं माणूस कितीतरी महिन्यांनी भेटलं. नकाशा पाहिला, चतुःसीमा पाहिली, तारखा पाहिल्या. मग त्यांनी पान सात उलटलं.

"आता फक्त प्रत्यक्ष वापर पडताळणी. गृहिणीनं स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय, सर्वांसाठी चहा करायचा. काय होतं, काही ठिकाणी नुसतं मांडून ठेवतात हो. बाकीच्यांनी स्वयंपाकघराबाहेर थांबायचं, प्लीज."

द्वारकाबाईंनी पाणी ठेवलं. गॅस पेटवला. एवढं त्यांना झोपेतही जमलं असतं. मग त्या फळीपुढे उभ्या राहिल्या.

खिडकीबाहेर नजमा होती. कमिटीपुढे ओवी चुकली तर काय करायचं, हे त्यांचं आधीच ठरलं होतं. हात डावीकडे जायला हवा तर एक खोकला, उजवीकडे तर दोन, आणि बरणी सापडली की गप्प. द्वारकाबाईंनी हात उचलला. नजमा एकदा खोकली. हात डावीकडे सरकला. नजमा पुन्हा खोकली.

"काय गं, किती दिसापासून?" ग्यानबांचा आवाज खिडकीपाशी आला. "अडुळसा घे. मधात."

नजमा दोनदा खोकली.

"कोरडा हाय. हळदीचं दूध बी चालंल," ग्यानबा म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ठसका लागला. मग ते खोकू लागले. तेहेतीस वर्षं डिझेलचा धूर खाल्लेला खोकला, एकदा लागला की थांबत नाही. एक, दोन, तीन, सात. द्वारकाबाईंचा हात डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मधेच थांबला. अलमास मॅडमनी दारातून विचारलं, "यांची थुंकीची तपासणी झालीय का?" फोटोवाला फोटो काढत राहिला.

पाण्याला उकळी आली. द्वारकाबाईंच्या हातात एक बरणी होती. झाकणाला पेंट अजून चिकट होता. त्यांनी झाकण काढून नाकाशी धरलं. पेंटचा वास आला. बोटांत चिमूट घेतली. बारीक, कोरडं. चहा असेल. बहुतेक चहाच. ओट्यावर पाच कप मांडलेले. एक मॅडमचा, एक फोटोवाल्याचा, एक ग्यानबांचा, एक यांचा, एक नजमाचा.

खोकला थांबला होता, पण खिडकी आता ग्यानबांनी अडवली होती. सगळे वाट पाहत होते.

"टाक ना," सोमेश्वरराव दारातून हळूच म्हणाले. आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "आज एक दिवस नीट कर. नंतर हवा तेवढा हट्ट कर."

द्वारकाबाईंनी चिमूट पुन्हा बरणीत सोडली. गॅस बंद केला.

"मला दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "होळीपासून दिसत न्हाई. ह्यात काय हाय मला ठाऊक न्हाई. मी कुणाला काई पाजू शकत न्हाई."

सोमेश्वरराव आत आले. बरणी त्यांनी हातातून घेतली, चिठ्ठी वाचली, आणि आधीच ठाऊक असल्यासारखी पुन्हा वाचली. ती कोणती बरणी होती हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ती कागदात गुंडाळून ते परसात गेले, आणि बराच वेळ परत आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या नखांत माती होती.

अलमास मॅडमना वाईट वाटलं. त्या द्वारकाबाईंचा हात धरून बसल्या. पण फॉर्म भरायचाच होता, आणि फॉर्ममध्ये अशा गोष्टीसाठी रकाना नव्हता. शेवटी त्यांनी 'पडताळणी अपूर्ण' असं लिहिलं आणि सही घेतली. ग्यानबा काही सल्ला न देता घरी गेले. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग असावा.

"कधी सांगणार होतीस?" सोमेश्वरराव म्हणाले.

"तुमी इचारलं तवा."

तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनीतला वीतभर फरक पाहणारे सोमेश्वरराव गॅसपाशी गेले. त्यांनी स्वतः चहा केला. साखर कुठं आहे ते चिठ्ठी मोठ्यानं वाचून बघितलं. चहा वाईट झाला, सगळ्यांनी प्याला.

त्या दिवसापासून त्यांनी तिला गॅसजवळ जाऊ दिलं नाही. भांडण झालं, अबोला झाला, पण ते हलले नाहीत. एकदा तिच्या हातात कुठली बरणी आली होती ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्या माहितीनं ते पार भेदरले होते. आता स्वयंपाकघरात ते असतात. द्वारकाबाई उंबऱ्याशी पाटावर बसतात. "तेल तापलं न्हाई अजून," त्या म्हणतात. "तापलंय," ते म्हणतात. "आवाज येऊन राहिला न्हाई तं कसं तापलं?" मोहरी टाकली की ती तळाशी गुमान पडून राहते. मग ते गॅस मोठा करतात. डॉक्टरांकडे आता दोघं जातात. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, उजवा आणखी थोडा कमी झालाय.

पुण्याला काय कळवायचं, हे काही त्यांच्यात बोलणं झालं नव्हतं. रविवारी स्वप्निलचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, स्पर्धेचं काय झालं? आई कुठंय? वैष्णवीला बरण्या बघायच्यात."

सोमेश्वररावांनी फोन छातीशी दाबला. पाटावर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. मग फोन खिडकीत टेकवून ठेवला, तिला दंडाला धरून उठवलं, ओट्याशी नेऊन उभं केलं, हातात उलथनं दिलं आणि खांद्याला धरून थोडं डावीकडे वळवलं, मोजणीची काठी सरळ करावी तसं.

"ही काय, स्वयंपाक करून राहिली," ते फोन उचलून म्हणाले. त्यांचा आवाज बराच मोठा निघाला. "तिला काय होतंय? ठणठणीत आहे."

"आई, काय मस्त दिसतंय गं सगळं. अगं, इकडं बघ ना. कॅमेऱ्याकडं."

द्वारकाबाईंना कॅमेरा कुठं आहे ते कळलं नाही. लेकाचा आवाज मात्र अगदी जवळून येत होता. क्षणभर त्यांनी आवाजाकडे तोंड वळवलं, मग पुन्हा ओट्याकडे फिरवलं.

"तुला बघत बसू का बाबा? फोडणी जळून राहिली माझी."

"बरं बरं, कर तू. नंतर बोलू."

"व्हय. जेव टायमावर."

सोमेश्वरराव फोन त्यांच्या पाठीवर रोखून उभे राहिले, हात हलू न देता. गॅस पेटवलेलाच नव्हता. द्वारकाबाई रिकाम्या थंड कढईत उलथनं फिरवत राहिल्या, पोरगं फोन ठेवीपर्यंत.